ब्लूग्रासच्या मंचावर दोन मँडोलिन: ज्येष्ठ आणि नवखा शेजारी उभे राहिले, तर चॉप कुणी द्यायचा?

तारसप्तक (धागाकर्ता)

ब्लूग्रास या अमेरिकन लोकवळणाच्या संगीताच्या कार्यक्रमांत एक जोडी वरचेवर पाहायला मिळते. साठी-सत्तरीचा मुरलेला मँडोलिनवादक आणि त्याच्या शेजारी चौदा-पंधरा वर्षांचं पोर, तेही मँडोलिनच घेऊन. प्रकार जुना आहे. १९६० साली केंटकीतल्या मार्था गावी ब्लूग्रासचा जनक बिल मन्रोनं सहा वर्षांच्या रिकी स्कॅग्जला मंचावर घेतलं आणि स्वतःचं वाद्य त्याच्या गळ्यात अडकवलं. १९७२ मध्ये तेरा वर्षांचा मार्टी स्टुअर्ट लेस्टर फ्लॅटच्या बँडमध्ये दाखल झाला. सिएरा हल अकरा वर्षांची असताना गायिका अ‍ॅलिसन क्रॉसनं तिला नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर बोलावलं. आज तीच सिएरा २००९ साली जन्मलेल्या वायट एलिसला शिकवणाऱ्यांत आहे.

हे सगळं छानच. पण मन्रोच्या डिसेंबर १९४५ नंतरच्या बँडपासून ब्लूग्रासचा साचा ठरलेला आहे: मँडोलिन, बॅन्जो, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), गिटार, बेस. दुसऱ्या मँडोलिनला त्यात जागाच नाही. मग दोघं एकत्र आले की बहुतेक ठिकाणी वेगाची शर्यत लागते, टाळ्या पडतात आणि गाणं मागे राहतं.

माझं मत: पहिल्या अर्ध्या कार्यक्रमात नवख्यानं फक्त चॉप द्यावा. ब्रेक, म्हणजे गाण्यातले एकट्यानं पुढे येऊन वाजवायचे तुकडे, सगळे ज्येष्ठानं घ्यावेत. उत्तरार्धात पोराला पुढे आणावं. जाणकारांनी बोलावं. टोमॅटो फेकायचे असतील तर पिकलेले फेका.

बेसूरबुवा

चॉप म्हणजे डुकराचा की बोकडाचा? (प्रश्न गंभीर आहे.)

एफ_होल

बुवा, उत्तरही गंभीरच देतो, कारण याशिवाय पुढची चर्चा अर्ध्या लोकांना कळायची नाही.

पारंपरिक ब्लूग्रास बँडमध्ये ड्रम नसतो. बेस १ आणि ३ या मात्रांवर वाजतो, मँडोलिन २ आणि ४ वर एक कोरडा, तुटक ठोका देतं. तोच चॉप. स्नेअर ड्रमचं काम मँडोलिन करतं म्हणा. डाव्या हातानं कॉर्ड दाबायची, उजव्या हातानं वरून खाली एकच ठोका मारायचा आणि आवाज निघताक्षणी डाव्या बोटांचा दाब सोडायचा. बोटं तारांवरच राहतात, उचलायची नाहीत. उचलली की मोकळ्या तारा गुणगुणतात आणि चॉपचा कचरा होतो. उलट दाब उशिरा सोडला तर ठोका लांबतो आणि बॅन्जोवर सांडतो.

चॉप लावायचा तर मोकळी तार चालत नाही, कारण ती थांबवता येत नाही. म्हणून जी कॉर्डचा प्रसिद्ध आकार ७-५-२-३ (आकडे पडद्यांचे, जाड जीच्या जोडीपासून पातळ ईच्या जोडीकडे मोजत). तोच दोन पडदे वर सरकवला की ए: ९-७-४-५. सीसाठी ५-२-३ आणि ईची जोडी सोडून द्यायची. डीसाठी ७-४-५, ई परत सोडलेली. एवढ्या दोन आकारांवर बहुतेक सगळी गाणी निघतात.

नवख्यांचा नेमका घोळ ७-५-२-३ मध्ये होतो. मँडोलिनची तार नट ते ब्रिज जेमतेम ३५ सेंटिमीटर असते, तरी खालच्या बाजूला हा आकार सहा पडदे व्यापतो आणि छोट्या हाताची करंगळी सातव्या पडद्यावर नीट बसत नाही. त्यावर सोपा उपाय: जी कॉर्डच १२-९-१० अशी वर घ्यायची, ई सोडायची. वर पडदे जवळजवळ असतात, हात ताणावा लागत नाही. आवाज थोडा पातळ होतो, पण ताल बिघडण्यापेक्षा ते परवडलं.

बेसूरबुवा

म्हणजे ना डुकराचा ना बोकडाचा, जोंधळ्याच्या कडब्याचा. कळलं. पुढे चालू द्या.

नारायणपेठी

धागाकर्त्याचा मुद्दा मुळातच उलटा आहे.

चॉप हे बँडमधलं हलकं काम, म्हणून पोराला द्यावं, असा त्यात गर्भितार्थ आहे. ब्रेक चुकला तर एक माणूस चुकला. चॉप हलला तर सगळे हलले. बॅन्जोवाल्याच्या उजव्या हाताची तीन बोटं अखंड फिरत असतात, त्याला टेकायला हाच ठोका असतो. द्रुत चालीत मिनिटाला २८० मात्रा धरा. एक मात्रा जेमतेम ०.२१ सेकंदाची. धडधडत्या छातीच्या पोरानं प्रत्येक ठोका किंचित आधी दिला की दोन कडव्यांत बँड धावायला लागतो, आणि गायकाला शब्द तोंडात मावेनासे होतात.

तेव्हा पूर्वार्धात चॉप ज्येष्ठाकडे. पोराला ब्रेक द्या, तेही लहान. गाण्यात सोळा बारांचा (बार म्हणजे मात्रांचं एक आवर्तन) ब्रेक असेल तर दोन तुकडे करा: पहिले आठ फिडलला, पुढचे आठ नवख्याला. यालाच स्प्लिट ब्रेक म्हणतात आणि त्यात कुणाचाही अपमान नाही.

सांगलीची_हळद

+१. पेठेतल्या प्रतिसादाला सहमती द्यायची वेळ आली, काय दिवस आलेत!

तारसप्तक

@नारायणपेठी, हलकं काम असं मी कुठंही म्हटलेलं नाही. उलट ते सर्वांत महत्त्वाचं आहे म्हणूनच आधी ते करावं. मन्रोच्या घराण्यात ताल आधी, करामत नंतर. पण ताल हलतो हा मुद्दा मान्य. मग दोघांनी मिळून चॉप दिला तर? ज्येष्ठाच्या आधारानं पोर सावरेल.

ध्वनिवेडा

दोघांनी मिळून अजिबात नको. कारण भौतिकशास्त्र.

चॉपचा जीव त्याच्या सुरुवातीच्या टोकात असतो. दोन वादकांचे ठोके दहा-पंधरा मिलिसेकंदांनी जरी मागेपुढे पडले, तरी एका 'टक्'च्या जागी 'टरक्' ऐकू येतं. आणि तेवढा फरक तर नुसत्या अंतरानं पडतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे चार मीटर अंतराला जवळजवळ १२ मिलिसेकंद. मंचाच्या दोन टोकांना दोघं उभे करून समोरच्याच्या ठोक्यावर ठोका द्यायला सांगितलं, तर कितीही तयारीचे असोत, प्रेक्षकांना चिरफाळलेलाच ताल मिळणार.

म्हणून पहिली गोष्ट, ज्येष्ठ, नवखा आणि बेस यांना एक ते दीड मीटरच्या आत उभं करा. लोक बेसला मागे कोपऱ्यात ढकलतात आणि मग ताल का जुळत नाही म्हणून मॉनिटरचा (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरचा) आवाज वाढवत बसतात.

दुसरी, माईक. पाच-सहा जणांसाठी एकच मोठ्या डायफ्रामचा कंडेन्सर माईक वापरायची ब्लूग्रासची जुनी पद्धत आहे आणि अशा जोडीला ती फार साजते. जो ब्रेक घेतो तो माईकजवळ, वीस-तीस सेंटिमीटरवर येतो, बाकीचे मागे सरतात. मिक्सिंग पायांनी होतं. बॅन्जो आपोआप जोरात असतो, त्यानं कायम एक पाऊल मागेच राहायचं. मात्र या पद्धतीत मंचावरचे जमिनीवरचे मॉनिटर बंद किंवा अगदी नावापुरते हवेत, नाहीतर तो माईक मॉनिटरचा आवाज उचलतो आणि शिट्टी सुरू.

नवखा इथे नेहमी काय चुकतो? ब्रेक संपवून जागेवरच उभा राहतो. पुढचा माणूस येऊन थडकतो. उजव्या हातानं वाजवणाऱ्याच्या वाद्याची मान त्याच्या डावीकडे बाहेर येते, त्यामुळे डाव्या बाजूला उभ्या असलेल्याच्या बरगडीत खुंट्या जातात. ये-जा कोणत्या बाजूनं ते तालमीत खडूनं आखून घ्यावं. हसू नका, खरंच आखतात.

स्वतंत्र माईक असतील तर लहान डायफ्रामचा कंडेन्सर किंवा सरळ एसएम५७ हा साधा डायनॅमिक माईक एफ-होलच्या (पाटीवरच्या एफ अक्षरासारख्या भोकाच्या) तोंडावर न रोखता फिंगरबोर्डच्या टोकाकडे वळवा. होलसमोर धरला की आवाज घुमतो. मँडोलिनची सर्वांत खालची तार जी, म्हणजे १९६ हर्ट्झ. त्यामुळे १०० ते १५० हर्ट्झच्या खालचं बिनधास्त कापा. तिथे मँडोलिन नसतंच, असतो तो पायांचा दणदणाट आणि बेसची गळती.

कोकणी_खुंटी

एसएम५७ वर कंडेन्सरवाले आता तुटून पडतील. चहा टाकतो.

राग_विराग

आपल्याकडच्या जुगलबंदीत हा प्रश्न केव्हाच सुटलाय. एकानं वाजवायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, शेवटी एकत्र तिहाई. ब्लूग्रासवाल्यांनी सवाल-जवाब शिकावेत. चार चार बारांचे सवाल-जवाब झाले की ज्येष्ठ-कनिष्ठ दोघांचंही पाणी दिसतं.

मेरीलँडकर

@राग_विराग, चार बारांची देवाणघेवाण तिकडेही होते, पण ती कार्यक्रमात एकदाच, तीही शब्द नसलेल्या चालीवर. गाण्यात ती आणली की गाणं मोडतं. ब्लूग्रासमधला ब्रेक म्हणजे दोन कडव्यांमधला पाहुणा. त्यानं आधी मूळ चाल सांगायची, मग काय नक्षी करायची ती.

आणि आपल्या पद्धतीशी तुलनाच करायची तर मला वेगळाच फरक दिसतो. आपल्याकडे शिष्य मागे बसतो, तानपुरा छेडतो, गुरूनं हात केला की एखादी ओळ गातो. ब्लूग्रासमध्ये उलटं आहे. चांगला ज्येष्ठ पोराला पुढे करतो आणि स्वतः मागे जाऊन ठेका धरतो. नारायणपेठीकरांचं म्हणणं म्हणूनच बरोबर वाटतं. ज्येष्ठाची खरी परीक्षा दुसऱ्याच्या ब्रेकमागे तो काय वाजवतो यात आहे.

आता प्रत्यक्ष बांधणी. समजा ए पट्टीतली जुनी फिडलची चाल घेतली. दोन भाग, प्रत्येक आठ बारांचा, दोन्ही दोनदा: एकूण ३२ बार. किक-ऑफ (चालीची सुरुवात) ज्येष्ठाचा, म्हणजे वेग त्याच्या हातात. नवख्याकडे किक-ऑफ दिला तर घबराटीत ठरल्यापेक्षा दहा-पंधरा मात्रा जास्त वेगानं सुटतो आणि मग कुणीच परत खाली आणू शकत नाही. (गाणं असेल आणि किक-ऑफ पोराकडेच द्यायचा असेल, तर त्याला सांगा: सुरू करण्याआधी गाण्यातली सर्वांत दाट शब्दांची ओळ मनात म्हण. त्या ओळीला जो वेग सुखाचा, तोच धर.) मग पूर्ण ३२ बार फिडल, ३२ बॅन्जो, ३२ नवखा, आणि या संपूर्ण काळात ज्येष्ठ चॉपवर. त्यानंतर ज्येष्ठाचा ब्रेक. तेव्हा चॉप पोराकडे जातो, पण एकाच फेरीपुरता, आणि बेसवाला समोर. शेवटची फेरी दोघांची एकत्र, दोन सुरांत.

ही शेवटची फेरी अवघड. पोरानं मूळ चाल वाजवायची, ज्येष्ठानं तिच्या वरची तिसरी (सा असेल तर ग) धरायची, उलटं नाही. चाल सी शार्पवर आली की वरचा सूर ई. पण डोळे मिटून तिसरी धरत गेलं तर जिथे कॉर्ड बदलते तिथे सूर टोचतो. तिथे चौथी (सा असेल तर म) घ्यायची. हे निर्णय मुरलेल्या कानाचे, म्हणून वरचा आवाज ज्येष्ठाचा. स्लाइड दोघांनीही तितक्याच पडद्यांवरून घ्यायची. संथ गाण्यात ट्रेमोलो (एकाच सुरावर भराभर ठोके) असेल तर तो मोजून मात्रेला चार ठोके की न मोजता, हे आधीच ठरवा. एकाचा मोजलेला आणि दुसऱ्याचा सुटा असेल तर नुसता चिखल.

एफ_होल

उत्तम प्रतिसाद. एक भर घालतो, कारण मंचावरचे निम्मे अपघात इथे होतात.

ब्रेक पहिल्या बारावर सुरू होत नाही. तीन-चार सूर आधीच, मागच्या बारात सुरू होतो. म्हणून आधीच्या वादकानं शेवटचा अर्धा बार मोकळा सोडायचा असतो. नवखे शेवटच्या मात्रेपर्यंत ठासून भरतात. मग पुढचा बॅन्जोवाला घुसतो आणि एक बारभर दोघं एकमेकांच्या अंगावर. पोराला सोळा बारांचा ब्रेक शिकवताना सोळाव्याच्या मध्यावर थांबायला शिकवा, उरलेला अर्धा पुढच्याचा समजा.

सांगलीची_हळद

आणि बी पट्टी? मन्रोवाल्या उंच आवाजाच्या गायकांना बी फार प्रिय. गिटारवाला चौथ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून जीचे आकार वाजवतो, बॅन्जोवालाही तेच. मँडोलिनला कॅपो लावत नाहीत. पोराची मोकळ्या तारांवर बसवलेली सगळी करामत तिथे गळून पडते.

एफ_होल

बरोबर. चॉप मात्र बीमध्ये उलट सोपा पडतो. बी म्हणजे ४-१-२ (ई सोडून), एफ शार्प म्हणजे तोच जुना जीचा आकार एक पडदा खाली, ६-४-१-२. आणि ई ९-६-७. ब्रेकसाठी एकच तोड: दोन जोड्यांवर एकत्र वाजणारे डबल स्टॉप. तिसऱ्या आणि सहाव्या अंतराच्या जोड्या मानेवर वरखाली बसवून घ्या, मोकळी तार लागतच नाही. कोणत्याही पट्टीत सरकतात.

गुगळे_पुराणिक

अवांतर: मन्रोचं ते वाद्य गिब्सनचं एफ-५, ९ जुलै १९२३ रोजी कंपनीचा वाद्यरचनाकार लॉइड लोअरची सही झालेलं. फ्लोरिडात एका न्हाव्याच्या दुकानात १५० डॉलरला घेतलं. गिब्सन कंपनीवर चिडून त्यानं खुंट्यांच्या फळीवरचं कंपनीचं नाव चाकूनं खरवडून काढलं होतं. १९८५ साली कुणीतरी घरात घुसून शेकोटीच्या सळईनं ते फोडलं. गिब्सनच्याच चार्ली डेरिंग्टननं बारीक बारीक तुकडे जुळवून ते परत उभं केलं, आणि मन्रो ते वाजवत राहिला.

बेसूरबुवा

कंपनीचं नाव खरवडलं आणि दुरुस्ती कंपनीच्याच माणसानं केली. याला म्हणतात गिऱ्हाईक सेवा.

कोकणी_खुंटी

अवांतरात अवांतर: आपल्याकडे मँडोलिन परकं नाही. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत कुडाळकर मूळचे मँडोलिनवादक. संगीतकार सज्जाद हुसेन तर मँडोलिनवर रागदारी वाजवत. पण मुंबईच्या सिनेसंगीतात मँडोलिन म्हणजे मुख्यतः ट्रेमोलो आणि सुरावटीचे तुकडे. ताल धरायला ढोलक-तबला हजर असतोच, तेव्हा चॉपची गरजच पडली नाही. तिकडून ब्लूग्रासकडे येणाऱ्याचा उजवा हात ट्रेमोलोला तयार असतो, डावा हात सोडायला शिकवावा लागतो.

नारायणपेठी

मूळ प्रश्नाकडे यायचं का? चॉप ज्येष्ठाकडे हे ठरलं. पण मग तो मागे उभा असताना पोरगं रिकाम्या हातानं उभं राहणार का? धागाकर्त्याचा "दुसऱ्या मँडोलिनला जागा नाही" हा मुद्दा अजून कुणी खोडलेला नाही.

मेरीलँडकर

खोडतो. जागा तीन आहेत. गायकाची ओळ संपते आणि पुढची सुरू होते त्या फटीत दोन-चार सुरांचा फिल. पण तो फिल फिडल भरणार की मँडोलिन, हे कडव्यागणिक वाटून घ्यायचं: पहिलं कडवं फिडलचं, दुसरं मँडोलिनचं. दुसरी जागा, संथ तीन मात्रांच्या गाण्यात हळू ट्रेमोलो, गायकाच्या खालच्या पट्टीत. तिसरी, वाद्यच बदला. पोराच्या हातात मँडोला द्या (सी-जी-डी-ए) किंवा ऑक्टेव्ह मँडोलिन. बोटं तशीच, आवाज खाली जातो आणि ज्येष्ठाच्या चॉपच्या वाटेत येत नाही. आणि चौथीही आहे, सर्वांत कमी वापरली जाणारी: गप्प उभं राहणं. गाण्यात एक कडवं एक मँडोलिन पूर्ण बंद असेल तर पुढच्या कडव्यात ते आलं की कळतं तरी.

तारसप्तक

मान्य. मग मी माझं मत बदलून असं मांडतो: चॉप पूर्ण कार्यक्रमभर ज्येष्ठाकडे, फक्त त्याच्या स्वतःच्या ब्रेकच्या वेळी पोराकडे. तरी एक हट्ट ठेवतो. पोराच्या पहिल्या दोन ब्रेकमध्ये मूळ चाल ओळखू आली पाहिजे. पळापळ नंतर.

राग_विराग

सवाल-जवाबाची एक तरी चाल ठेवा हो. एकच.

मेरीलँडकर

ठेवली. मध्यंतरानंतरची दुसरी. आधी आठ-आठ बार, मग चार-चार, दोन-दोनवर थांबायचं. एक-एक बारावर गेलात की सर्कस.

ध्वनिवेडा

ट्यूनिंगबद्दल कुणीच बोललेलं नाही म्हणून लिहितो. एका मँडोलिनवर आठ तारा, दोघांच्या सोळा. ईची जोडी ६५९ हर्ट्झवर असते. दोघांच्या ईमध्ये फक्त तीन सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक असला तरी सेकंदाला साधारण एक लहर ऐकू येते, आणि एकत्रित फेरीत ती स्पष्ट कळते. दोघांनी एकाच ट्यूनरवर लावा, दोन वेगवेगळ्या यंत्रांवर नको. तार खालून वर चढवत सुरात आणा. वरून खाली उतरवली तर खुंटीतली ढील राहते आणि पहिल्या चॉपला तार घसरते. दिव्यांच्या उष्णतेनं पोलादी तारा उतरतात, म्हणून मंचावर दिवे लागल्यावर पाच मिनिटांनी परत लावा. नवीन तारा कार्यक्रमाच्या दिवशी चढवू नका, आदल्या दिवशी चढवून हातानं ताणून घ्या.

वरणफळ

नवीन सदस्य. इथे तारांचा विषय निघालाच आहे तर विचारते: मुलीसाठी मँडोलिनच्या तारा गावात मिळत नाहीत, गिटारच्या मिळतात. चालतील का? आणि कोणत्या मापाच्या?

एफ_होल

चालतील, ताई. ब्लूग्रासमध्ये सर्रास वापरला जाणारा मध्यम संच हजारांश इंचात ११-१५-२६-४० असा असतो, प्रत्येकी दोन तारा. गिटारच्या सुट्या तारांत ११ आणि १५ साध्या पोलादी, २६ आणि ४० फॉस्फर ब्राँझ गुंडाळलेल्या मागा. वाद्य जुनं, पातळ पाटीचं किंवा गोल होलचं असेल तर हलका संच लावा: १०-१४-२४-३८. मध्यम संचाच्या ताणानं पाटी बसू शकते.

अडचण एकच: मँडोलिनच्या तारेच्या टोकाला फास असतो, गिटारच्या तारेला पितळी मणी. मणी कटरच्या जबड्यात आडवा धरून दाबायचा, तो दोन तुकडे होऊन निघतो आणि मोकळा फास उरतो. तारेला कटर लागू देऊ नका. चष्मा लावूनच करा, मणी उडतो. आणि आठही तारा एकदम काढू नका. ब्रिज फक्त दाबानं उभा असतो, चिकटवलेला नसतो, सगळ्या काढल्या की तो हलतो. एक जोडी काढा, तीच चढवा, मग पुढची.

वरणफळ

धन्यवाद. ब्रिज आधीच हललाय बहुतेक. वरच्या पडद्यांवर सूर चढा लागतो.

एफ_होल

मग ब्रिज तारेच्या मागच्या टोकाकडे, म्हणजे टेलपीसकडे, केसभर सरकवा. मोकळ्या तारेचा सूर आणि बाराव्या पडद्यावर दाबलेला सूर यांत नेमकं एक सप्तक यायला हवं. बारावा चढा असेल तर मागे, उतरा असेल तर पुढे. आधी जाड जी तपासा, मग पातळ ई. सरकवताना तारा थोड्या सैल करा, नाहीतर पाटीवर ओरखडा पडेल.

कोकणी_खुंटी

पावसाळ्यात हे परत करावं लागेल. दमट हवेनं पाटी फुगते, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा पडद्यांपासून लांब जातात. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा. बाराव्या पडद्यावर दीड ते पावणेदोन मिलिमीटर अंतर बरं. ब्रिजला दोन चकत्या असतील, तारा जरा सैल करून त्या फिरवल्या की उंची कमी-जास्त होते. दोन्ही बाजूंना सारख्याच फिरवायच्या असं नाही, जाड तारांकडे थोडी जास्त ठेवा.